नवरदेवाचे दात

लग्न ठरलं की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या नवरदेवाला एकदम आपले दात आठवतात. पन्नीत घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने ते तपकिरी झालेले असतात. हा डाग वरवरचा. दंतवैद्याने दात नीट साफ केले की बराचसा जातो. मग ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साइडची जेल दाताच्या कवचात मुरून आतलं रंगद्रव्य फोडते. थोडे दिवस थंड पाणी झोंबतं, आणि जुनी कॅप असेल तर तिचा रंग मात्र तसाच राहतो. फ्लोराइडचे डाग याहून हट्टी. चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, आणि पक्के दात हिरडीखाली घडत असतानाच डाग कवचात बसतो. ब्लीचिंगनंतर त्यातले पांढरे ठिपके कधीकधी जास्तच उठून दिसतात. फोटोसाठी पैसे मोजणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. गडचिरोलीत 2016पासून ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्ती अभियान दारूसोबत खर्ऱ्याच्याही मागे लागलंय ते काही दातांच्या रंगासाठी नव्हे. रोजच्या सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते, तोंडात तीन बोटं उभी जाईनाशी होतात, पुढे कर्करोगाचा धोका. अशा तोंडात जेलचा ट्रे बसवायचा तरी कसा?