भरंवशाचीं फुलें

बागेची योग्यता तेथील दुर्मिळ झाडांवरून ठरते, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. आमच्या मतें ती भरंवशाच्या झाडांवरून ठरवावी. जें झाड थोडक्या निगेवर वर्षानुवर्षें न चुकतां फुलतें आणि ज्याचा गड्डा शेजाऱ्याच्या हातीं देतां येतो, तेंच घराचें खरें धन होय.

डेलिलीचेंच उदाहरण घ्या. हेमेरोकॅलिस या तिच्या ग्रीक नांवाचा अर्थ ‘एका दिवसाचें सौंदर्य’ असा आहे. एकेक फूल एकच दिवस टिकतें; परंतु दांड्यावर कळ्या अनेक असल्यामुळें बहर कित्येक दिवस चालतो. ही मूळची पूर्व आशियांतील. चीनमध्यें हिच्या सुकविलेल्या कळ्या स्वयंपाकांत वापरतात व हें फूल मातेचें प्रतीक मानितात. हिची सर्वत्र आढळणारी नारिंगी जात बहुधा बीज धरीत नाहीं. अर्थात् ती देशोदेशीं पसरली ती मुख्यतः माणसांच्या हातांनीं. यॉर्क येथील जॉर्ज येल्ड या शाळामास्तरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली शिकवणी सांभाळून हिच्या नव्या संकरित जाती निर्माण केल्या. पुढें न्यूयॉर्कच्या वनस्पति-उद्यानांत आर्लो स्टाउट यांनीं तेंच कार्य चालविलें व १९३४ सालीं हिच्यावर ग्रंथ लिहिला.

आमच्या चेंबुरासहि अशा विश्वासू झाडांची वाण नव्हती. १९२४ सालीं कुर्ल्याहून येथें उतारूंची गाडी सुरू झाली. पुढें बंगले उठले आणि त्यांच्या अंगणांत कर्दळ, सोनटक्का, गुलबक्षी व पांढरी लिली नांदूं लागलीं. आज त्यांतील पुष्कळ बंगले पाडून उंच इमारती बांधल्या जात आहेत. त्यास आमचा विरोध नाहीं. कुटुंबांस जागा हवीच. परंतु अंगणांतील गड्डे राडारोड्याबरोबर डंपरांत जातात आणि ते लावणाऱ्या आजीआजोबांची आठवणहि त्यांच्याबरोबर जाते, ही हानि मात्र टाळतां येण्याजोगी आहे.

विद्यार्थिमित्रहो, घर सोडण्यापूर्वीं अंगणांत एक फेरी मारा. हा गड्डा कोणीं लावला, कोठून आणिला, हें वडील माणसांस विचारून वहींत लिहा. मग एक गड्डा नव्या घराच्या कुंडींत लावा व दुसरा मृगाच्या सुमारास शाळेच्या बागेंत आणा. पालकांनींहि या कामीं मुलांस साह्य करावें. कागदावरील वंशावळ बहुतेक घरांत असते. फुलणारी वंशावळ राखण्यास मात्र एक कुदळ आणि एक सकाळ एवढेंच पुरेसें आहे.