संस्था विसर्जित झाली, जमिनीचे काय?

घरातला कर्ता पुरुष गेला की काही भाऊबंदांना तेराव्यापर्यंतही धीर धरवत नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागणार, याची कुजबुज सुतकातच सुरू होते. सार्वजनिक संस्थांच्या बाबतीतही याहून निराळे घडत नाही. फरक इतकाच, की तेथे मागे उरलेली जमीन एका कुटुंबाची नसून समाजाची असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

जीर्ण वस्त्यांचे पुनरुज्जीवन करण्यासाठी तेथे १९४५ च्या कायद्याने स्थानिक पुनर्विकास संस्था अस्तित्वात आल्या. एखादे क्षेत्र 'पुनर्विकासाचे' म्हणून घोषित झाले की त्यानंतर वाढणाऱ्या मालमत्ता कराचा मोठा हिस्सा या संस्थांकडे जाई. शाळांच्या वाट्याला येणारी तूट राज्याच्या तिजोरीला भरून काढावी लागे. सक्तीने भूसंपादन करण्याचा अधिकारही त्यांना होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्टर्न ॲडिशन भागातून कृष्णवर्णीय व जपानी वंशाच्या सहस्रावधी कुटुंबांना याच पुनर्विकासाच्या नावाखाली उठावे लागले, हे विसरता येत नाही.

जानेवारी २०११ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी या संस्था मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडताच अनेक शहरांनी संस्थांच्या जमिनी घाईघाईने नगरपालिकांच्या नावे करून टाकल्या. बहुतेक ठिकाणी संस्थेचे संचालक आणि नगरसेवक ही एकच मंडळी होती. देणारा हात आणि घेणारा हात एकाच देहाचे! जूनमध्ये कायदा झाला, २९ डिसेंबर २०११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला आणि १ फेब्रुवारी २०१२ रोजी सुमारे ४०० संस्था विसर्जित झाल्या.

पुढे जे घडले ते अभ्यासण्याजोगे आहे. १ जानेवारी २०११ नंतरची हस्तांतरणे राज्याच्या लेखानियंत्रकाने तपासली. त्रयस्थांशी करार झालेला नसल्यास ती परत फिरविण्याचे आदेश निघाले. प्रत्येक संस्थेची उत्तराधिकारी संस्था नेमली गेली आणि तिच्यावर कौंटी, शहर, शाळा, महाविद्यालये यांच्या प्रतिनिधींचे देखरेख मंडळ बसविले गेले. २०१२ च्या पूरक कायद्यान्वये प्रत्येक भूखंडाची यादी, त्याचा हेतू आणि भवितव्य सांगणारा दीर्घकालीन आराखडा बंधनकारक झाला. रस्ते, उद्याने, अग्निशमन केंद्रे यांच्या जागा सार्वजनिक वापरासाठी राहिल्या. विकलेल्या जागांचा पैसा कर घेणाऱ्या सर्व संस्थांत वाटला जाऊ लागला.

तथापि हे चित्र निर्दोष नाही. संस्थांच्या करउत्पन्नातील २० टक्के वाटा अल्प व मध्यम उत्पन्न गटांच्या घरांसाठी राखीव असे. तो स्रोत आटला. या निधीतील शिल्लक रक्कमही वाटून टाकली गेली. घरांची तीव्र टंचाई असलेल्या राज्यात हा घाव लहान नव्हे. मृत्युपत्र आधी लिहिण्याऐवजी मृत्यूनंतर लिहावयास घेतले की असेच व्हावयाचे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेले पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले. त्याची मालमत्ता महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात वाटली गेली. ज्यांच्या शेतांवर ते नगर उभे राहिले, त्या मूळ शेतकऱ्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न मात्र संस्थेबरोबर विसर्जित झाला नाही.

शासन हे जमिनीचे स्वामी नसून विश्वस्त आहे. म्हणून कोणतीही संस्था मोडण्यापूर्वी तिच्या भूखंडांची यादी जनतेपुढे मांडली गेली पाहिजे, ज्यांचे देणे आहे त्यांचे देणे आधी चुकते झाले पाहिजे आणि देणारा व घेणारा यांच्यामध्ये तिसरा, निष्पक्ष डोळा असला पाहिजे. संस्था येतात आणि जातात; समाज आणि त्याची भूमी मागे राहते. तिचा हिशेब मागणे हा सामान्य नागरिकाचा अधिकार आहे, तितकेच ते त्याचे कर्तव्यही आहे.