वर्गातील भ्रमणध्वनी आणि श्रोत्याचे अवधान



वर्गात भ्रमणध्वनी असावा की नसावा, हा वाद बहुधा शाळकरी मुलांसंबंधी होतो. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक शाळांत आणि त्यापुढील, साधारणतः पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत त्याच्या वापरास मनाई केली. उलट, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये शाळेतील स्मार्टफोनवरची सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, असे मत नोंदवून वापरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. परंतु आपण प्रौढ विद्यार्थी आहात. आपल्या संपर्कसत्रासंबंधी हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो.

प्रथम बंदीची बाजू घेणाऱ्यांनी एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी आठवडाभर नोकरी, शेती किंवा घर सांभाळून सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात येतो. घरी तान्हे मूल किंवा आजारी वडीलधारे माणूस असते. ‘काही झाले तर मला कळेल’ एवढ्या भरवशावर ती स्त्री घराचा उंबरठा ओलांडते. दारातच तिचा भ्रमणध्वनी काढून घेतला, तर पुढच्या सत्राला ती कदाचित येणारच नाही. शिवाय अनेकांच्या बाबतीत हेच यंत्र ग्रंथालयाचे काम करते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि मराठी विश्वकोश आज महाजालावर विनामूल्य पाहता येतात. तालुक्याच्या गावी ही ग्रंथसंपदा सहजी हाती लागत नाही. म्हणून संपूर्ण बंदी मला अन्यायकारक वाटते.

मात्र यावरून वर्गात भ्रमणध्वनीचा मुक्त वापर असावा, असे अनुमान निघत नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ आठवून पाहा. तेथे ज्ञानदेव श्रोत्यांपाशी अवधान मागतात. ते का मागतात, याचा विचार साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य करावा. श्रोत्याचे लक्ष हे वक्त्यावर केलेले उपकार नव्हेत. त्या लक्षातूनच निरूपण आकाराला येते. ऐकणारे चेहरे पाहून शिक्षक एखादा मुद्दा पुन्हा सांगतो, एखादा सोडून देतो. समोरच्या वीस जणांपैकी बारा जणांच्या माना खाली असतील, तर हानी त्या बारांपुरती राहत नाही. उरलेल्या आठ जणांचा वर्गही उणावतो.

कोशाचेच उदाहरण घेऊ. जुन्या ओवीत एक अनोळखी शब्द आला. कोणी तत्काळ त्याचा अर्थ पडद्यावर शोधला, तर शब्द कळतो. पण संदर्भावरून अर्थाचा तर्क करणे, दोघांचे तर्क जुळत नाहीत म्हणून ओवी पुन्हा वाचणे, ही खरी वाचनक्रिया घडायची राहून जाते. आधी तर्क करावा आणि मग कोश पाहावा. हा क्रम उलटला की कोशाचे मोलही घटते. साधन तेच, ते केव्हा हाती घ्यावे, एवढाच प्रश्न आहे.

ध्वनिमुद्रणाचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. अनुपस्थित सोबत्यासाठी व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्याचा हेतू चांगला असतो. परंतु दया पवार यांच्या ‘बलुतं’वर चर्चा चालू असताना एखादा विद्यार्थी स्वतःच्या वस्तीविषयी, स्वतःच्या जातीच्या अनुभवाविषयी प्रथमच बोलू लागतो. दुसरी एखादी आपल्या घरच्या बोलीत, अहिराणीत किंवा मालवणीत, मत मांडते. आपला आवाज उद्या कोणत्या समूहावर फिरेल, याची शंका आली की ती दोघे गप्प होतील किंवा पुस्तकी भाषेत बोलतील. १९७८ मध्ये प्रकाशित झालेल्या त्या आत्मकथनाने मराठीत जे बोलण्याचे धैर्य आणले, ते आपल्याच वर्गात आपण गमावून बसू.

तेव्हा माझे मत असे आहे. भ्रमणध्वनी वर्गात आणू द्यावा. पण तो आवाज बंद करून पिशवीत असावा. घरून निकडीचा निरोप येण्याची शक्यता असेल, तर शिक्षकांना आधी सांगून ठेवावे आणि बाहेर जाऊन बोलावे. कोश किंवा संहिता पाहायची असेल, तेव्हा शिक्षकांच्या सूचनेनुसार सर्वांनी एकाच वेळी पाहावी. ध्वनिमुद्रण करायचे झाल्यास शिक्षकांची आणि उपस्थित सर्वांची संमती घ्यावी; चर्चेचे ध्वनिमुद्रण मात्र करूच नये. अनुपस्थित सोबत्यासाठी आपल्या शब्दांत टिपण लिहून द्यावे. त्यात त्याचे काम होईल आणि आपला अभ्यासही.

हे नियम वरून लादले, तर पाळले जाणार नाहीत. म्हणून आपल्या केंद्रातील पहिल्याच सत्रात सर्वांनी मिळून ते ठरवावेत, अशी माझी सूचना आहे. संपर्कसत्रांचे तास मोजकेच असतात. पुस्तिका घरी वाचता येते, व्याख्यानही घरी ऐकता येते; परंतु आपल्यासारख्याच वाचकांसमवेत एक ओवी वाचण्याची संधी तेवढ्याच तासांत मिळते.