शेवटचं गाणं कोणी ठरवायचं?

आपल्या अंत्ययात्रेत काय गायलं जावं हे जिवंतपणी लिहून ठेवणं ही परक्यांची हौस आहे, असा आक्षेप घेतला जातो. पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्यात बसून तरी तो घेऊ नये. इथून देहू-आळंदी जवळ. 1296 साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, तो प्रसंग नामदेवांच्या अभंगांत संतमेळ्यासह आणि कीर्तनासह उभा आहे. तुकोबांनी स्वतःच्या मरणाचा सोहळा आपल्याच डोळ्यांनी पाहून अभंगात मांडला. या भागात आजही वारकरी गेला की टाळ-मृदंगाच्या गजरात त्याला नेतात, दशक्रियेला घाटावर प्रवचन होतं. मराठी ख्रिस्ती कुटुंबं गीतं गाऊन माती देतात; बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील म्हटलं जातं. मरणापाशी सूर असणं आपल्याकडे जुनंच आहे.

मग ते वेगळं ठरवायची गरज काय? पूर्वी नव्हतीच, कारण गाव ठरवत असे. भजनी मंडळाला निरोप गेला की मंडळी वीणा-टाळ घेऊन दारात येत, आणि गेलेल्या माणसाला कोणता अभंग प्रिय होता हे त्यांना ठाऊक असे. पुनावळे 1997 साली महापालिकेत आलं, पुढे शेतांवर टॉवर उभे राहिले. तिथे विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेली आणि अमराठीही कुटुंबं एका मजल्यावर राहतात. मृतदेह लिफ्टने खाली येतो, पार्किंगमध्ये ठेवतात आणि शववाहिनीची वाट पाहतात. त्या अर्ध्या तासात कोणाच्या तरी मोबाइलवर हाताला लागेल ते लावलं जातं. गावाने सोडलेला निर्णय असा योगायोगाच्या हाती जातो. तो ज्याचा त्याने आपल्याकडे घ्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. बायकांसाठी तर ते अधिकच निकडीचं आहे. जन्मभर कामाच्या नादात गुणगुणणाऱ्या आईचं आवडतं गाणं कोणतं, हे किती मुलांना सांगता येईल?

दुसरा आक्षेप अशुभाचा. मरणाची भाषा केल्याने मरण ओढवत नाही. विम्याच्या अर्जावर वारसाचं नाव लिहिताना आपण तेच करतो. सावरकरांनी आपला देह विद्युतदाहिनीत द्यावा, दुकानं बंद ठेवू नयेत, असं लिहून ठेवलं होतं, आणि 1966 साली चंदनवाडीत त्यांचं दहन तसंच झालं. त्यांचे विचार पटोत न पटोत, शेवटच्या प्रवासाविषयी स्पष्ट सूचना ठेवता येते हे त्यातून दिसतं.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: गेलेल्याला ऐकू येत नाही, शोक मागे राहिलेल्यांचा, मग हुकूम त्याचा का? यातलं अर्धं मला मान्य आहे. तासभराचा कार्यक्रम आखून ठेवणं, रडणाऱ्यांनी हसावं असं बजावणं, हा जुलूम आहे. पण ज्यांचा शोक आहे, त्यांनाच त्या सकाळी काही सुचत नसतं. दूरचे नातेवाईक, शेजारी, सोसायटीचे पदाधिकारी भराभर निर्णय घेतात आणि मुलगी कोपऱ्यात बसून राहते. अशा वेळी वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली, तर तिला बोलायला आधार मिळतो. म्हणून चिठ्ठी छोटी असावी. एकच रचना, शक्यतो घरच्यांना म्हणता येईल अशी. ती देह उचलण्याआधी घरातच व्हावी. आणि कोणाला गाता आलं नाही तर शांतता चालेल, हेही त्यात लिहावं. ही चिठ्ठी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडेपर्यंत तेरावा उलटून गेलेला असतो.