दंड भरू, पण पावती द्या!

परवा सकाळी प्रोजेक्टच्या रिव्ह्यूसाठी बावधनहून हिंजवडीला निघालो, तर हॉस्टेलसमोर माझ्या गाडीच्या चाकाला कुलूप! रात्री गाडी पट्ट्याच्या आत लावली होती. कुणीतरी आपली काढताना ती सरकवली असणार. सिक्युरिटीचे काका म्हणाले, "पाचशे भरा, कुलूप काढतो." पावती मागितली तर, "वरून ऑर्डर आहे." उशीर होत होता. भरले.

मित्रांनो, दंडाला माझा विरोध नाही. अॅम्ब्युलन्सची वाट अडवणाऱ्याला तो व्हायलाच हवा. पण चांदणी चौकात पोलिसांनी चलन केलं तर त्यावर वेळ, ठिकाण, गुन्हा लिहिलेला असतो. न पटल्यास कोर्टात जाता येतं. मग कॉलेजच्या गेटच्या आत आलं की हे सगळं संपतं का?

काकांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. नियम त्यांनी केलेला नाही. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती लागते. तिने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. मी समितीकडे अर्ज दिलाय. मागण्या तीनच: नियम बोर्डावर लावा, कुलूप लावण्याआधी फोटो काढा, पैशांची पावती द्या.

फोटोत चूक माझी दिसली असती तर निमूट मान्य केलं असतं. आत्ता नुसते पैसे गेलेत, चूक काय ते कळलंच नाही. तुमचंही असं झालं असेल तर मेसमध्ये कुरकुरत बसू नका. अर्ज लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका!