बोकडाचाही उतारा असतो



ऊस विकास खात्याच्या माणसाने शेळ्या-बोकडांवर का लिहावे, असे कोणी विचारील. ऊसनोंदीसाठी आम्ही वस्त्या-वस्त्यांवर फिरतो. उसाचे बिल हाती येईपर्यंत पोरांची फी, दवाखाना, बाजारहाट हे बऱ्याच घरी दावणीच्या शेळ्यांवरच भागतं, हे आम्ही पाहतो. माळकरी सभासदांनी राग मानू नये. हा प्रपंचाचा हिशेब आहे.

ऊस किती टन भरला एवढ्याने भागत नाही, उतारा किती पडला त्यावर दर ठरतो, हे आपणास सांगायला नको. बोकडाचेही तसेच आहे. जिवंत वजनातून रक्त, मुंडी, पाय, कातडे, आतडी आणि पोटातला चारा वजा जाऊन जे सोललेले धड उरते, तो त्याचा उतारा. आपल्याकडील शेळ्यांत तो साधारणपणे ४० ते ५० टक्के पडतो. २५ किलोचा बोकड ४२ टक्क्यांनी साडेदहा किलो देतो, ४८ टक्क्यांनी १२ किलो. दीड किलोचा फरक! मटणाच्या आजच्या भावाने हिशेब ज्याचा त्याने करावा.

हा फरक कशाने पडतो? आधी रक्त. उस्मानाबादी, संगमनेरी या आपल्याच मातीतल्या जाती. पण एकच बोकड वर्षानुवर्षे आपल्याच लेकींवर वापरला तर पुढची करडे खुरटतात. मग वय. कोवळेपणी अंग भरते. पुढे चरबी चढते आणि मांस निबर होते. खच्ची बोकडाला चरबी लवकर धरते, न केलेला वजनाला लवकर वाढतो. पोटात जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

आणि चारा! इथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. गळीत हंगामात फुकटचे वाढे मिळते म्हणून तेवढ्यावरच जनावर पोसायचे, ही आपली जुनी खोड. वाढ्यात प्रथिने थोडी, वर ऑक्झॅलेट असते. ते अंगातील कॅल्शियम खाते. असा बोकड पोटाने नगारा दिसतो, पाठीवर मात्र मांस नाही. वाढे जरूर घालावे, पण जोडीला लसूणघास, शेवरी, सुबाभळीचा पाला आणि मूठभर पेंड हवीच.

व्यापारी काय करतो? कमरेवर हात दाबून मांसाचा अंदाज घेतो. म्हणजे तो उताऱ्यावर घेतो आणि आपण नजरेवर उक्तं विकतो. मग फसलो म्हणून हळहळण्यात अर्थ काय?

आमचे मत असे की, प्रत्येक गट ऑफिसात जनावर तोलायचा एक काटा ठेवावा. सकाळी चारा घालण्यापूर्वी वजन करावे, म्हणजे पोटातल्या चाऱ्याचा वाद राहत नाही. मगच किलोवर सौदा करावा. येत्या सभेत सभासदांनीच हा विषय मांडावा. आम्ही पाठीशी आहोत.

उसाच्या काट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. घरच्या लक्ष्मीने वर्षभर जपलेला बोकड मात्र बिनकाट्याचा जातो. हे आता थांबावे.