‘मस्ट’च्या पुढचा शब्द वाचा



गेल्या खरिपात शिवारफेरी आटोपून एका घरी चहाला थांबलो होतो. ओसरीवर कीटकनाशकाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन पालथा घातलेला दिसला. विचारले, तर घरधनी म्हणाले, “साहेब, पोराकडनं पत्रक वाचून घेतलं. डबा परत वापरलाच पाहिजे असं नाही, असं लिवलंय. म्हंजी वापरला तरी चालतंय की!”

पत्रकाचा मराठी भाग फाटून गेला होता. उरलेल्या इंग्रजीत वाक्य होते, ‘द कंटेनर मस्ट नॉट बी रीयूज्ड.’ मुलगा नववीतला, हुशार. ‘मस्ट’ म्हणजे पाहिजेच, ‘नॉट’ म्हणजे नाही, असा त्याने शब्दाला शब्द जोडला आणि अर्थ पार उलटा झाला. खरा अर्थ, ‘डबा पुन्हा वापरता कामा नये.’ त्यात उद्या पिण्याचे पाणी भरले गेले असते! डबा आम्ही तिथल्या तिथे फोडला आणि वस्तीपासून दूर खड्डा खणून पुरला.

मुलाला बोल लावू नका. मस्ट, शुड, कॅन, मे, विल ही सहायक क्रियापदे आहेत. मराठीत असा मदतनीस मागून येतो: ‘फवारू शकतो’, ‘फवारले पाहिजे’. इंग्रजीत तो पुढे चालतो आणि त्याचा अर्थ पुढच्या शब्दांवर ठरतो. म्हणून चार गोष्टी मुलांना आणि स्वतःलाही सांगून ठेवा.

पहिली गोष्ट. आपल्याकडे शकतो, शकते, शकतात असे रूप बदलते. इंग्रजीत ‘कॅन’ सर्वांना एकच, आणि त्यापुढचे क्रियापद मूळ रूपातच राहते. ‘शी कॅन स्प्रे’ बरोबर. ‘शी कॅन स्प्रेज’ किंवा ‘शी कॅन टू स्प्रे’ चूक. कृषी महाविद्यालयात असताना ‘कॅन टू’ लिहून मीही पुष्कळ लाल शाई खाल्ली आहे.

दुसरी गोष्ट. असे दोन मदतनीस शेजारी बसत नाहीत. ‘विल कॅन’ म्हणायचे नाही. ‘विल बी एबल टू’ म्हणायचे.

तिसरी गोष्ट ‘नॉट’ची, आणि हीच जिवाची. ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई. ‘शुड नॉट’ म्हणजे करू नये. ‘करायलाच पाहिजे असे नाही’ हा अर्थ ‘नीड नॉट’चा. तिन्हींत ‘नॉट’ आहे, पण अर्थ एक नाही.

चौथी गोष्ट ‘बी’ आणि ‘हॅव’ची. ‘हँड्स मस्ट बी वॉश्ड’ म्हणजे हात धुतले गेलेच पाहिजेत, मग धुणारा कोणीही असो. ‘यू शुड हॅव वॉश्ड युवर हँड्स’ म्हणजे हात धुवायला हवे होते, पण धुतले नाहीत. एका ‘हॅव’ने वेळ निघून गेल्याचे कळते.

जाता जाता ‘मे’विषयी. ‘मे बी फेटल इफ स्वॉलोड’ म्हणजे पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो. मुलांना ‘मे’ म्हणजे ‘कदाचित’ असे शिकवलेले असते. म्हणून कोणी ‘कदाचित ना, मग काय भ्यायचे!’ असे म्हणू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

तेव्हा मायभगिनींनो, औषधाचे पत्रक फाडू नका, चुलीत घालू नका. त्यात मराठी मजकूर असतो, तो आधी वाचा. इंग्रजी वाचायची वेळ आलीच, तर मुलाला पूर्ण वाक्य वाचायला लावा आणि विचारा, “बाळा, ‘मस्ट’च्या पुढे काय लिहिलंय?” एवढ्या एका प्रश्नाने त्याचा अभ्यासही होईल आणि घरही सुखरूप राहील.